संत्रा आपला, केक जर्मन

डिसेंबर लागला की वाशिमच्या बाजारात हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग दिसू लागतात. मंगरूळपीर, कारंजा, मालेगाव या पट्ट्यातल्या बागांमधला आंबिया बहार तेव्हा तोडणीला आलेला असतो. तो सरतो न सरतो तोच फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहार येतो. हे तीन-चार महिने घरात संत्रा सोलून खाल्ला जातो, पाहुणे आले तर रस निघतो. वाढदिवसाचा केक मात्र दुकानातून येतो, आणि त्याच्यावर डब्यातली चेरी नाहीतर परदेशातून आलेल्या किवीच्या चकत्या असतात. ताज्या फळांचा केक करायचा असेल तर आपल्या जिल्ह्यात संत्र्यापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी लागणारी सर्वांत चांगली रीत जर्मन घरांमध्ये तयार आहे.

जर्मनीत केझे-झाने-टोर्टे नावाचा एक केक घरोघर होतो. अंड्यातल्या हवेवर फुललेला हलका स्पंज, त्याच्या थरांमध्ये क्वार्क नावाचं ताजं आंबटसर चीज आणि फेटलेलं क्रीम, आणि त्या क्रीममध्ये रोवलेल्या मँडरिनच्या फोडी. रविवारी दुपारी तीन-चार वाजता घरच्यांनी आणि पाहुण्यांनी एकत्र बसून कॉफीबरोबर केक खायचा, ही तिथली जुनी रीत आहे, आणि त्या टेबलावर हा केक नेहमी दिसतो. जर्मनीच्या थंडीत संत्र्याच्या बागा होत नाहीत, म्हणून तिथल्या बहुतेक घरांत डबाबंद फोडी वापरतात. आपला नागपुरी संत्रा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मँडरिनच आहे, सिट्रस रेटिक्युलाटा. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे तिथे जे फळ पाकात बुडवलेलं, डब्यातून काढावं लागतं, ते आपल्याला झाडावरून उतरवलेलं मिळतं.

दुसरी गोष्ट क्वार्कची. इथल्या दुकानांत क्वार्क मिळत नाही आणि शोधायचीही गरज नाही. घट्ट दही टांगून केलेला चक्का त्याच्या अगदी जवळचा आहे. दोन्ही दूध विरजून, पाणी निथळून तयार होतात. काही जणी पनीर वाटून घालतात. ते करू नका. पनीर उकळत्या दुधात आंबट घालून फाडलेलं असतं, त्याचा रवाळपणा कितीही वाटला तरी पूर्ण जात नाही. शिवाय चक्का मुळातच आंबट असल्यामुळे संत्र्याचा रस लागला तरी फाटत नाही. नुसत्या क्रीमच्या केकमध्ये संत्रा घातला की क्रीम फाटून पाणी सुटतं, ही पुष्कळांची तक्रार असते. चक्क्यामुळे ती बरीचशी मिटते.

मापं

जर्मन पाककृती हातात आली तर पहिल्यांदा टिनाचं माप पाहा. तिथला नेहमीचा टिन २६ सेंटिमीटरचा असतो. आपल्याकडच्या लहान ओव्हनमध्ये २० सेंटिमीटरचा, म्हणजे आठ इंची टिन बसतो. व्यास थोडाच कमी वाटतो, पण क्षेत्रफळ जवळजवळ ६० टक्क्यांवर येतं. म्हणून सगळं साहित्य दहा भागांतले सहा भाग घ्यायचं. तिथलं मध्यम अंडं ५३ ते ६३ ग्रॅमचं असतं, आपल्या बाजारातलं बहुधा ५० च्या आसपास. त्यामुळे अंडी मोजण्यापेक्षा वजन करणं बरं. जर्मन पाककृतीत ४०५ नंबरचं पीठ लिहिलेलं असतं, त्या जागी आपला मैदा चालतो.

वजनकाटा नसेल तर घ्या. या केकमध्ये वाट्या-चमच्यांचा अंदाज चालत नाही, कारण पीठ थोडं जरी जास्त झालं तरी फुगवलेली हवा त्याच्या भाराखाली बसते.

आठ इंची टिनासाठी स्पंजला लागतील ४ अंडी (टरफलासकट प्रत्येकी ५० ते ५५ ग्रॅम, फार लहान असतील तर ५), १२० ग्रॅम साखर, ९० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ आणि एका लिंबाची किसलेली साल. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं पांढरं स्टार्च. मक्याच्या भाकरीचं पिवळं पीठ नव्हे. भरावासाठी ४०० ग्रॅम चक्का, २५० मिली व्हिपिंग क्रीम, १०० ग्रॅम पिठीसाखर, २ चमचे लिंबाचा रस, ४ ग्रॅम चायना ग्रासची पूड (सपाट दोन लहान चमचे) आणि १५० मिली पाणी. संत्री ८ घ्या. दिसायला मोठी आणि साल सुटलेली नकोत. हातात जड लागतील ती निवडा. जड संत्र्यात रस असतो.

क्रीमबद्दल एक इशारा. किराणा दुकानात छोट्या खोक्यात मिळणारं २५ टक्के स्निग्धांशाचं फ्रेश क्रीम भाजीत, फ्रूट सॅलडमध्ये चांगलं, पण ते फेटून उभं राहत नाही. खोक्यावर व्हिपिंग क्रीम असं लिहिलेलं आणि ३० टक्क्यांच्या वर स्निग्धांश असलेलं हवं. वाशिममध्ये नाही मिळालं तर अकोल्याहून मागवा, आणि येताना थर्माकोलच्या डब्यात बर्फाबरोबर आणायला सांगा. केकवाल्यांकडे मिळणारं गोठवलेलं व्हिप टॉपिंग बहुधा वनस्पती तेलाचं आणि आधीच गोड असतं. तेच वापरायचं ठरलं तर पिठीसाखर निम्म्याहून कमी करा. ते उन्हात जास्त वेळ टिकतं हे खरं, पण खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहतो, आणि संत्र्याची चव त्याच्याखाली दबते. मी दुधाच्या क्रीमच्याच बाजूने आहे.

रविवारी कापायचा तर शुक्रवारी विरजण

हा एका बैठकीत उरकण्याचा केक नाही. शुक्रवारी रात्री सव्वा लिटर म्हशीच्या दुधाला विरजण लावा. शनिवारी सकाळी दही पांढऱ्या सुती फडक्यात बांधून टांगा. थंडीत सहा-आठ तासांत पाणी निथळतं. दही किती घट्ट आहे त्यावर चक्का कमी-जास्त होईल, पण साधारण ४०० ग्रॅमच्या आसपास मिळतो. फार आंबलेलं दही घेऊ नका. श्रीखंडासाठी जसा फिका, ताजा चक्का लागतो तसाच इथे लागतो. निघालेला चक्का पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढून घ्या, एकही गुठळी राहता कामा नये.

स्पंज शनिवारी संध्याकाळी भाजा. रात्रभर मुरलेला स्पंज कापताना चुरा होत नाही. ताज्या, कोमट स्पंजाचे थर करायला गेलात तर तो तुटतो. घाई करणाऱ्यांचा केक इथेच बिघडतो.

स्पंज

बेकिंग पावडर या स्पंजात घालायची नाही. जर्मनीत ती घरोघर पोहोचली ती औषधविक्रेते आउगुस्ट ओटकर यांच्यामुळे. १८९० च्या दशकात बिलेफेल्ड शहरात त्यांनी अर्धा किलो पिठाला पुरेल एवढ्या मापाची पुडी विकायला सुरुवात केली. त्याच्या कितीतरी आधीपासून स्पंज फुलत होता तो केवळ अंड्यातल्या हवेवर. पांढरं फेटलं की त्यातली प्रथिनं हवेच्या बारीक बुडबुड्यांभोवती पडदा धरतात. ओव्हनच्या उष्णतेने ती हवा आणि वाफ पसरते, प्रथिनं आवळतात, आणि सगळं तिथल्या तिथे पक्कं होतं. पुढची प्रत्येक सूचना या बुडबुड्यांना सांभाळण्यासाठीच आहे.

अंडी फ्रिजमधून काढल्या काढल्या फोडून पांढरं आणि बलक वेगळे करा, कारण थंड बलक फुटत नाही. मग पांढरं अर्धा तास बाहेर ठेवा, कारण कोमटसर पांढरं जास्त फुगतं. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, कोरडं आणि स्वच्छ घ्या. प्लॅस्टिकच्या भांड्याला तेलकटपणा चिकटून राहतो. बलकाचा एक थेंब किंवा तुपाचा ओशटपणा पुरेसा आहे, पांढरं फुगणारच नाही.

मीठ घालून पांढरं विजेच्या बीटरने फेटायला घ्या. फेस पांढरा आणि दाट झाला की साखर एकेक चमचा करत घाला, प्रत्येक चमच्यानंतर अर्धा मिनिट फेटत. सगळी साखर संपल्यावर फेस चकचकीत दिसतो, बीटर वर उचलला की टोक ताठ उभं राहतं, आणि दोन बोटांत चोळून पाहिला तर साखरेचा कण लागत नाही. इथे थांबायचं. यापुढे फेटलं तर फेस कोरडा पडून फाटतो. आता बलक एकेक करून घाला, अगदी मंद वेगावर, मिसळेपर्यंतच. लिंबाची साल घाला. बीटरचं काम संपलं. तो बाजूला ठेवा.

मैदा आणि कॉर्नफ्लोअर एकत्र करून दोनदा चाळा, आणि तिसऱ्यांदा थेट फेसावर, तीन हप्त्यांत चाळा. प्रत्येक वेळी पसरट चमचा भांड्याच्या कडेने तळाशी नेऊन मिश्रण वर आणा आणि अलगद पालथं घाला. भांडं दुसऱ्या हाताने फिरवत राहा. गोल गोल ढवळू नका. पिठाची पांढरी रेघ दिसेनाशी झाली की थांबा. कॉर्नफ्लोअर घालण्याचं कारण एवढंच की त्यात चिवटपणा आणणारी प्रथिनं नसतात, त्यामुळे स्पंजाचा पोत बारीक आणि मऊ येतो.

टिनाच्या तळाला बटर पेपर लावा. कडांना तूप-तेल अजिबात लावू नका! आपल्याला सगळा टिन माखायची सवय असते, पण या स्पंजाला कडेला धरून वर चढायचं असतं, आणि तुपकट कडेवरून तो घसरून खाली बसतो. मिश्रण ओता, वरून सपाट करा, आणि आधी पंधरा मिनिटं तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर, मधल्याच्या खालच्या जाळीवर, साधारण ३० मिनिटं भाजा. पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही. लहान ओव्हनमध्ये वरची सळई जवळ असते. रंग लवकर चढू लागला तर वीस मिनिटांनंतर वर फॉइलचा तुकडा सैलसा ठेवा. मध्ये काडी घालून ती कोरडी निघाली आणि बोटाने दाबल्यावर स्पंज पुन्हा वर आला की झालं.

ओव्हन नसेल किंवा वीज कधी जाईल याचा भरवसा नसेल, तर जाड बुडाची मोठी कढई किंवा गंज घ्या. आत तिवई ठेवून, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग टिन ठेवून मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं भाजा. झाकणाला आतून सुती कापड बांधा, म्हणजे वाफेचं पाणी स्पंजावर ठिबकणार नाही. कापडाची टोकं मात्र वर, मुठीशी गाठ मारून ठेवा, ती आचेपर्यंत लोंबू देऊ नका. कढईतला स्पंज वरून पांढुरका राहतो. त्याने काही बिघडत नाही, वरचा पापुद्रा आपण असाही झाकणार आहोत.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटांनी कडेने सुरी फिरवा, स्पंज जाळीवर उलटा करा, कागद काढा. पूर्ण थंड झाला की स्वच्छ कापडात गुंडाळून डब्यात ठेवा.

संत्र्याच्या फोडी

रविवारी सकाळी सगळ्यात आधी संत्री हाताळा, कारण हेच वेळखाऊ काम आहे. सोलून पांढऱ्या शिरा काढा. प्रत्येक फोडीच्या आतल्या, बिया असलेल्या कडेला कात्रीने चीर द्या, पापुद्रा दोन्ही बाजूंनी सोडवा आणि गर अखंड काढा. बिया चिरडू नका. बियांमध्ये आणि पांढऱ्या सालीत कडवटपणा आणणारे घटक असतात, आणि ते रसात उतरले की रस ठेवल्यावर कडू होत जातो. घरातली लहान मुलं, आजी, सगळे हे काम करू शकतात. आठ संत्र्यांना चार हात लागले तर अर्ध्या तासात होतं.

सोललेल्या फोडी चाळणीत घालून अर्धा तास निथळत ठेवा. ही पायरी गाळू नका. ताजं फळ आणि डब्यातलं फळ यात हाच मोठा फरक आहे: ताज्या फोडी रस सोडत राहतात, आणि तो रस क्रीममध्ये उतरला तर थर घसरतात. खाली जमलेला रस टाकू नका, त्यात एक चमचा साखर विरघळवून ठेवा. तो स्पंजावर शिंपडायला लागेल. वर ठेवायला बारा चांगल्या फोडी बाजूला काढा.

चक्का, क्रीम आणि चायना ग्रास

जर्मन पाककृतीत या जागी जिलेटिन लिहिलेलं असतं. जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून करतात, त्यामुळे शाकाहारी घरांत ते चालत नाही. दुसरी अडचण आपल्या हवामानाची. जिलेटिन ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं, आणि होळीनंतर आपल्या घरातलं तापमान त्याच्या पुढे जातं. समुद्री शेवाळापासून काढलेला चायना ग्रास ४० अंशांच्या खाली आला की घट्ट होतो, आणि पुन्हा वितळायला त्याला ८५ अंशांच्या पुढची उष्णता लागते. म्हणून फ्रिज बंद पडला तरी भराव ओघळत नाही. मात्र त्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

तो नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही, उकळावा लागतो. पूड १५० मिली थंड पाण्यात पाच मिनिटं भिजवा, मग मंद आचेवर ढवळत, उकळी आल्यापासून दोन-तीन मिनिटं शिजवा. पट्ट्यांचा चायना ग्रास असेल तर बारीक कातरून अर्धा तास भिजवा आणि पूर्ण पारदर्शक होईपर्यंत उकळा. लिंबाचा किंवा संत्र्याचा रस त्याच्याबरोबर उकळू नका, आंबटात उकळला की त्याची पकड कमी होते.

आता सर्वांत महत्त्वाचा क्षण. फ्रिजमधल्या गार चक्क्यात हे मिश्रण ओतलं तर त्याचे तिथल्या तिथे दोरे होतात. म्हणून चक्का, पिठीसाखर आणि लिंबाचा रस एकत्र घोटून भांडं कोमट पाण्यात ठेवा, हाताला किंचित उबदार लागेपर्यंत. त्याआधीच क्रीम फेटून तयार हवं. क्रीम, भांडं आणि बीटरच्या सळ्या तिन्ही थंड असताना फेटा, टोक किंचित वाकेल इतपत. त्यापुढे गेलात तर लोणी सुटतं. उबदार चक्क्यातले तीन-चार चमचे चायना ग्रासच्या गरम मिश्रणात घालून भरभर ढवळा, मग ते सगळं उरलेल्या चक्क्यात ओतून ढवळा. मिश्रण पातळ श्रीखंडासारखं दिसेल. आता क्रीम दोन हप्त्यांत घालून अलगद कालवा आणि लगेच थर रचायला घ्या. इथून पुढे तुमच्याकडे काही मिनिटंच आहेत, म्हणून स्पंजाचे थर आधी कापून ठेवलेले असायला हवेत.

जुन्या जर्मन पाककृतींमध्ये या भरावात कच्चे बलकही असतात. ते सरळ वगळा. आपल्या हवेत कच्चं अंडं घातलेला पदार्थ तासन्‌तास ठेवणं बरं नाही, आणि म्हशीच्या दुधाच्या चक्क्याला बलकाच्या स्निग्धतेची गरजही नसते.

रचना

स्पंजाचे तीन थर करायचे. कडेने सुरीने दोन ठिकाणी उथळ खाच पाडा, त्या खाचेत मजबूत शिवणदोरा बसवा, दोन्ही टोकं पुढे आणून एकमेकांवरून ओढा. दोरा स्पंज सरळ कापत जातो. हात बसलेला नसेल तर दोनच थर करा.

टिनाला किंवा सुटणाऱ्या कड्याला आतून बटर पेपरची उंच, दुहेरी पट्टी लावा. केक नऊ सेंटिमीटरपर्यंत उंच होतो, टिन तेवढा उंच नसतो. तळाला पहिला थर ठेवा, त्यावर संत्र्याच्या मार्मालेडचा किंवा घरात असेल त्या जॅमचा अगदी पातळ हात फिरवा. जॅममुळे क्रीम स्पंजाला धरून राहतं आणि ओल खाली झिरपत नाही. त्यावर निम्मा भराव, भरावात फोडी गोलाकार रोवा, कडेला एक बोट जागा मोकळी सोडा. दुसरा थर ठेवून हलकेच दाबा, संत्र्याच्या रसाचे पाच-सहा चमचे शिंपडा. उरलेला भराव घाला, त्यातले दोन-तीन चमचे सजावटीला ठेवा.

तिसरा थर तसाच ठेवायचा नाही. जर्मन घरांत वरचं झाकण आधीच बारा त्रिकोणी तुकड्यांत कापून मग ते गोलात परत रचतात. असं केलं नाही तर केक कापताना वरच्या स्पंजावर सुरी दाबावी लागते आणि मधला भराव कडेने बाहेर येतो. तुकडे रचले की फ्रिजमध्ये पाच-सहा तास ठेवा. खायच्या वेळी कडं आणि कागद काढा, वर पिठीसाखर चाळा, प्रत्येक तुकड्यावर राखून ठेवलेल्या भरावाचा ठिपका आणि त्यावर एक फोड.

झाकणाऐवजी वर फळंच हवी असतील, तर भरावावर फोडी दाटीने मांडून त्यांना चकाकणारा लेप द्या. जर्मनीत त्याची तयार पुडी मिळते. आपण १०० मिली पाण्यात एक सपाट लहान चमचा चायना ग्रास उकळायचा, त्यात दोन चमचे साखर आणि १०० मिली कोमट संत्रारस घालायचा, आणि थोडं निवलं की मधल्या फोडींपासून कडेकडे चमच्याने सोडायचा. लेपामुळे फळ सुकत नाही आणि जागेवरून हलत नाही.

साखर वाढवू नका, एवढी विनंती. हा केक दुकानातल्या केकपेक्षा कमी गोड लागतो आणि तसाच असायला हवा. चक्क्याचा आंबटपणा आणि संत्र्याची चव कळते ती त्यामुळेच.

अंडं चालत नसेल तर

शिरपूर जैन आणि कारंजा ही जैनांची मोठी स्थानं आपल्याच जिल्ह्यात आहेत. अंडं न चालणारी घरं इतरही पुष्कळ आहेत, आणि श्रावणात तर आणखी वाढतात. त्यांच्यासाठी भराव जसाच्या तसा राहतो, त्यात अंडंही नाही आणि जिलेटिनही नाही. स्पंज मात्र वेगळा करावा लागेल, आणि तो जर्मन पद्धतीचा हलका स्पंज होणार नाही हे आधीच समजून घ्यावं.

२०० ग्रॅम घट्ट दह्यात १५० ग्रॅम साखर विरघळवा. त्यात सव्वा लहान चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा मिसळून पाच मिनिटं ठेवा, दही फसफसून वर येईल. मग १०० मिली वास नसलेलं तेल घाला आणि १९० ग्रॅम चाळलेला मैदा हप्त्याहप्त्याने मिसळा. लगेच टिनात ओतून १७५ अंशांवर ३५ मिनिटं भाजा. इथे टिनाच्या कडांना तेल लावलं तरी चालतं. हा केक जड आणि ओलसर असतो, म्हणून दोनच थर करा आणि रस शिंपडू नका.

संत्रा नसेल त्या महिन्यांत

ही रीत एकदा हातात बसली की फळ बदलता येतं, पण प्रत्येक फळाची अट वेगळी असते. डाळिंबाचे दाणे नवख्यांसाठी सर्वांत सोपे, ते पाणी सोडत नाहीत. मेळघाटात चिखलदऱ्याच्या परिसरात पिकणारी स्ट्रॉबेरी थंडीत आपल्या भागात येते. ती धुऊन पूर्ण कोरडी करा आणि केक रचायच्या ऐनवेळी कापा. केळ्याच्या चकत्या लिंबाच्या रसात घोळवल्या नाहीत तर काळ्या पडतात. टरबूज-खरबुजाच्या वाटेला जाऊ नका, ती केवळ पाणी आहेत.

सीताफळाचा गर या भरावात फार छान लागतो. दसरा-दिवाळीच्या दिवसांत मला तो संत्र्याइतकाच आवडतो. पण सीताफळाचा गर तापवला की कडू होतो. त्यामुळे तो चायना ग्रासच्या गरम मिश्रणाजवळ न नेता, क्रीम कालवून झाल्यावर शेवटी घालायचा.

पपई आणि अननस यांच्याबाबत सावध राहा. दोन्हींत प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात. कच्च्या फोडी दुधाच्या पदार्थात घातल्या की काही वेळाने भराव कडू होतो, आणि जिलेटिन वापरलं असेल तर ते धरतच नाही. किवीचंही तेच. अननस साखरेबरोबर पाच-सात मिनिटं उकळून घेतला की ही अडचण राहत नाही. पपई मात्र नुसती खावी.

जून-जुलैत जांभळं येतात. केकच्या दुकानात सर्रास मिळणारा ब्लॅक फॉरेस्ट केक मूळचा जर्मन. त्याचा लेखी उल्लेख १९३४ सालापासून सापडतो. तिथे त्यात आंबट चेरी आणि चेरीपासून गाळलेली दारू असते. आपल्याकडे त्या आंबट-तुरट चवीच्या सर्वांत जवळ जांभूळच जातं. बिया काढून अर्धा किलो गर १०० ग्रॅम साखरेबरोबर शिजवा, एक चमचा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घाला, दाट झाला की गार करा आणि थरांत घाला. स्पंजात मैद्याचे २५ ग्रॅम कमी करून तेवढी कोको पूड चाळून घातली की आपल्या मातीतला ब्लॅक फॉरेस्ट तयार होतो. पावसाळ्याच्या दमट हवेत स्पंज लवकर चिकट होतो, म्हणून तो रात्रभर हवाबंद डब्यातच ठेवा.

आंबा अर्थातच सगळ्यांच्या मनात असतो. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो, आणि तेव्हा क्रीम फेटणं हीच परीक्षा असते. करायचाच असेल तर पहाटे पाचला क्रीम फेटा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून. आंब्याच्या फोडी करकरीत पण पिकलेल्या घ्या. फार पिकलेला आंबा क्रीममध्ये विरघळतो.

ठेवणं आणि नेणं

तयार केक फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. तिसऱ्या दिवशी फोडी सुरकुततात आणि तळाचा थर ओला होतो. डीप फ्रीजमध्ये ठेवू नका, संत्र्याच्या फोडी गोठून नंतर पाणी होतात. नुसता स्पंज मात्र प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून महिनाभर गोठवता येतो, लग्नसराईत हे कामी येतं.

रिसोडला किंवा मानोऱ्याला कुणाकडे न्यायचा असेल तर कडं काढू नका. कड्यासकट, सपाट तळाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, डब्याखाली ओलं फडकं पसरा म्हणजे गाडीत तो सरकणार नाही, आणि डबा मांडीवर न घेता पायाशी, सपाट जागी ठेवा. थंडीत दोन तासांचा प्रवास सोसतो. मार्चनंतर तासाभराच्या पुढे नेऊ नका, बर्फाचा डबा असेल तरच न्या. पोहोचल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग कापा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, दर तुकड्याला पुन्हा पुसून घ्या.

चक्क्याचं निथळलेलं पाणी फेकू नका. कढीत घाला, किंवा थालीपिठाचं पीठ त्यात भिजवा.